हाताला काम, तोंडाला शब्द

दिवाळीच्या सुट्टीआधी लेकीच्या नर्सरीत पालकसभा होती. माझी पाळी आली तेव्हा मॅडमनी तिची वही पुढे सरकवली. उभ्या रेषा, आडव्या रेषा, तिरप्या रेषा गिरवायच्या होत्या. पानं जवळजवळ कोरीच. "ही पेन्सिल धरत नाही आणि तोंडही उघडत नाही," त्या म्हणाल्या. "घरी कोणती भाषा बोलता?" मी सांगितलं, मी मराठी बोलते, तिचे बाबा आणि आजी कन्नड, शेजारीपाजारी गुजराती आणि हिंदी. मॅडमनी कपाळाला हात लावला. "एवढ्या भाषांत पोर गोंधळणारच! ते सगळं बंद करा. घरी फक्त इंग्लिश बोला."

लेक तेव्हा साडेतीन वर्षांची होती.

आम्ही मूळचे बेळगावचे. माझं माहेर शहापूरचं, मराठी. सासर वडगावचं, कन्नड बोलणाऱ्या विणकरांचं. नवी सून म्हणून आले तेव्हा मी कन्नड शिकले ती मागाच्या खडखडाटात, ओरडून बोलत बोलत! यजमानांना सुरतेत पांडेसऱ्याच्या एका कापड-छपाईच्या मिलमध्ये नोकरी लागली आणि आम्ही उधन्यात बिऱ्हाड थाटलं. मामंजी गेल्यावर सासूबाईही आमच्याकडे आल्या. आमच्या मजल्यावर एक कुटुंब खानदेशातलं, त्यांच्या घरात अहिराणी. पलीकडे ओडिशाचं कुटुंब, वरच्या मजल्यावर गुजराती. सुरतेत याचं कुणाला नवल नाही. इथली महानगरपालिका गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. एका जिन्यावर पाच भाषा ही इथली रोजची गोष्ट.

पण मॅडमचं बोलणं माझ्या मनाला लागलं. त्याच संध्याकाळी मी सासूबाईंना म्हटलं, "आत्ती, पुट्टीशी आता कन्नड नको. शाळेत तिला त्रास होतोय." त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांना मराठी येते, पण बाजारापुरती. नातीशी लाडाचं बोलायला त्यांच्याकडे एकच भाषा होती, आणि ती मी काढून घेतली.

मला वाटलं, आपण आईचं कर्तव्य केलं. पुढचे तीन आठवडे घरात एकाऐवजी दोन माणसं मुकी झाली.

पापडीच्या शेंगा

थंडी पडली की सुरतेच्या बाजारात पापडी येते. उंधियोत घालतात ती सुरती पापडी, आपल्याकडच्या पावट्याची बहीणच म्हणा. एका दुपारी आत्ती जमिनीवर परात घेऊन शेंगा सोलत बसल्या होत्या. लेक हळूच जवळ जाऊन बसली. आत्तींनी तिच्याकडे पाहिलं, पण बोलल्या नाहीत. माझी बंदी होती ना! त्यांनी फक्त एक रिकामी वाटी तिच्यासमोर ठेवली.

लेकीनं एक शेंग उचलली. दातानं चावून पाहिली, पिळून पाहिली, दोन्ही हातांनी ओढली. शेंग काही उघडेना. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दोनदा तोंडावर आलं, "दे इकडे, मी दाखवते." पण आत्तींनी हातानंच मला थांबवलं आणि स्वतःची पुढची शेंग अगदी सावकाश सोलली. आधी टोक मोडलं, मग शीर ओढली, मग अंगठा आत घातला. लेक टक लावून बघत होती. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिची शेंग उघडली. आतले दाणे तिनं एकेक करून वाटीत टाकले आणि तोंडानं मोजले, "ओंदु, एरडु, मूरु... चार!"

तीन कन्नड आणि एक मराठी. मला हसू आलं आणि रडूही. जवळजवळ महिनाभरानंतर ती आपणहून इतकं बोलली होती. अर्धा तास ती तिथून हलली नाही. ज्या बोटांना पेन्सिल धरता येत नाही असं मला सांगितलं होतं, तीच बोटं शेंगेची बारीक शीर चिमटीत धरून ओढत होती!

वरच्या मजल्यावरच्या बा काही कामानं खाली आल्या होत्या. त्या पूर्वी बालमंदिरात शिकवायच्या. दारातूनच ते दृश्य बघून म्हणाल्या, "आ ज तो भणतर छे, बेन!" हेच तर शिक्षण आहे.

मिशाळ आई आणि आपल्या ताराबाई

बांनी मला गिजुभाई बधेकांची पुस्तकं वाचायला दिली. माझी गुजराती यथातथाच, पण अडत-अडत वाचली. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारात असताना त्यांच्या हाती माँटेसरीबाईंचे विचार आले आणि त्यांच्या आयुष्यानं वळण घेतलं. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तिथं बालमंदिर सुरू केलं. छडी नाही, धाक नाही, गोष्टी, गाणी, माती, पाणी आणि मुलांनी स्वतः करायची कामं. गुजरातेत त्यांना प्रेमानं 'मूछाळी मा', म्हणजे मिशाळ आई म्हणतात.

या कामात त्यांच्याबरोबर एक मराठी बाई होत्या, ताराबाई मोडक. १९२३ साली त्या भावनगरला गेल्या, आणि १९२६ साली दोघांच्या पुढाकारानं नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथं त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात कोण आणणार? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं, माती हीच साधनं मानली. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो, त्याचं मूळ हे. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. देशभर सरकारी अंगणवाड्या आल्या त्या त्यानंतर बऱ्याच काळानं, १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून.

सुरतेहून बेळगावला येताना आमची गाडी वापी ओलांडली की थोड्याच वेळात बोर्डी रोड, घोलवड, डहाणू ही स्टेशनं मागे टाकते. इतकी वर्षं मी त्या खिडकीतून फक्त चिकूच्या वाड्या बघत आले!

मुलानं निवडावं, आपण मांडावं

वाचलं ते मी घरी करून बघू लागले. 'मुलाच्या कलानं घ्या' म्हणजे मूल म्हणेल ते सगळं करू द्यायचं, असा माझा समज होता. तसं नाही. काय मांडायचं ते आपण ठरवायचं, त्यातलं काय उचलायचं आणि किती वेळ करायचं ते मुलानं. मी हॉलच्या कोपऱ्यात तिच्या हाताला येईल असा एक खालचा फळ्यांचा रॅक केला. त्यावर एका वेळी चार-पाच ताटल्याच. प्रत्येक ताटलीत एकच काम. आठवडाभर एखाद्या ताटलीला हात लागला नाही, तर ती गुपचूप बदलायची.

आमच्याकडे चाललेली ही कामं. एकालाही पाच पैसे लागले नाहीत.

ओतण्याचं काम : दोन छोटे तांबे, एकात अर्धा तांब्या तांदूळ. या तांब्यातून त्या तांब्यात. ते जमलं की तांदळाऐवजी पाणी. शेजारी एक फडकं ठेवायचंच. सांडलं तर रागवायचं नाही. पुसणं हाही त्याच कामाचा भाग. आठ दिवसांत लेक पाहुण्यांना पाणी द्यायला लागली.

निवडण्याचं काम : मसाल्याचा जुना डबा, आत सात वाट्या. राजमा, हरभरे, चवळी, वाल एकत्र करून द्यायचे आणि वेगळे करायला सांगायचे. आधी हातानं, मग चिमटीनं. रंग, आकार, कमी-जास्त, मोजणी हे सगळं यात आपोआप येतं. पण एक सांभाळा : तीन वर्षांखालच्या मुलाला दाणे देऊ नका आणि मोठ्यालाही एकटं सोडू नका. दाणा नाकात किंवा घशात जायला क्षणही लागत नाही. आमच्या शेजारच्या ताईंच्या धाकट्यासाठी आम्ही मोठे बटाटे आणि कांदेच ठेवले. तोही खूष!

कापडाचं काम : हे अस्सल सुरती. यजमानांनी मिलमधून कापडाचे टाकाऊ तुकडे आणले. जॉर्जेट, साटीन, मलमल, नेट, मखमल. प्रत्येकाचे हातरुमालाएवढे दोन-दोन तुकडे कापले. डोळे मिटायचे आणि हातानं जोड्या लावायच्या. आत्तींच्या जुन्या इरकलीचाही तुकडा त्यात टाकला होता. लेकीला सगळ्यात आधी तोच सापडायचा, आणि सापडला की ती तो नाकाला लावायची.

कणकेचं काम : गोळा मळणं, वळ्या करणं, चिमटे काढणं. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे दाबून वाटीच्या काठाला लावणं हेही त्यातलंच. पेन्सिल धरायला लागतात ती अंगठ्यासह तीन बोटं यातून तयार होतात. या वयात मनगटाची हाडंसुद्धा अजून पुरती घट्ट झालेली नसतात. मग त्या हातांकडून पानंच्या पानं रेषा मागण्यात काय अर्थ?

रांगोळीचं काम : हे सगळ्यात शेवटी, आणि तिनं मागितलं म्हणून. मी उंबऱ्यापुढे ठिपके काढत होते, तर म्हणाली, "मला." एका ताटात रांगोळी पसरून दिली. बोटानं गोल काढला, मोडला, पुन्हा काढला. चुकलं तर ताट हलवायचं की पाटी कोरी! वहीत खोडलेलं दिसतं, ताटात दिसत नाही. म्हणून भीतीही नाही.

माझ्या चुका

सगळं गोड-गोड झालं असं नाही. माझ्या चुका सांगते, म्हणजे तुमच्या टळतील.

पहिली चूक घाईची. लेक ओतत असताना मी "हां, आता थांब, सांडेल" म्हणत हात पुढे करायची. ती काम टाकून उठून जायची. आत्ती मला म्हणायच्या, "सुम्म कुंद्रु." गप्प बस! मूल कामात रमलेलं असताना त्याच्याशी बोलूच नये, हे माझ्या पदवीनं मला शिकवलं नव्हतं, ते सातवी शिकलेल्या आत्तींना ठाऊक होतं.

दुसरी चूक परीक्षेची. पाहुणे आले की मी डबा काढायची. "दाखव बरं मावशीला, हा कुठला दाणा?" दोन दिवसांत तिनं त्या डब्याकडे पाहायचं सोडलं. खेळाची परीक्षा झाली की मुलं सुटका करून घेतात.

तिसरी चूक रॅक भरून टाकायची. मला इतका उत्साह आला की बारा ताटल्या मांडल्या. ती सगळ्या उलट्या करून बसली. दोष तिचा नव्हता. पुन्हा चारवर आले.

आणि चौथी मोबाइलची. शेंगा सोलताना तिचा व्हिडिओ काढायला गेले, तर शेंगा राहिल्या बाजूला, तिला मोबाइलच हवा! तेव्हापासून तिच्या कामाच्या वेळी मोबाइल कपाटात.

मग भाषेचं काय?

वाचकहो, आपल्यासारख्या सीमाभागातल्या दोन भाषांच्या घरांना हा प्रश्न नेहमीच विचारला जातो. मुलाशी मराठी बोलायचं की कन्नड? की दोन्ही सोडून इंग्रजी? मी त्या प्रश्नाला घाबरले, म्हणून हे लिहिते आहे.

मला दिसलं ते असं. हातात वस्तू असली की शब्द तिच्याबरोबर येतो, आणि एका वस्तूला तीन शब्द असले तरी मुलाला जड जात नाहीत. निवडायच्या डब्यात मी म्हणायची हरभरा, आत्ती म्हणायच्या कडली, बा म्हणायच्या चणा. लेकीच्या हातात दाणा एकच! माझ्याशी बोलताना ती हरभरा म्हणते, आजीशी कडली. गोंधळ कुणाचा होतो? आमचाच. थंडीत अडाजणला पोंक खायला गेलो, तेव्हा बा म्हणाल्या पोंक, मी म्हटलं हुरडा, आत्ती म्हणाल्या सीतनी. लेक मूठ भरून खात राहिली आणि म्हणाली, "इन्नू बेकु."

आत्ती नातीला "बा, बा" म्हणून जवळ बोलवायच्या, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बांना वाटायचं आपल्यालाच हाक मारताहेत! त्या खिडकीतून ओ द्यायच्या. त्यातून दोघींची अशी गट्टी जमली की आता बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी सतरंजी पडते. पाच-सहा पोरं, दोन आज्या. कुणी अहिराणीत भांडतं, कुणी ओडियात रडतं, आणि शेंगा मात्र सगळ्यांच्या सारख्याच सोलल्या जातात.

जाणकारांचं म्हणणंही वेगळं नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मूल मागे पडत नाही. नव्या भाषेच्या वर्गात गेलेलं मूल काही महिने गप्प राहून नुसतं ऐकतं, हे नेहमीचं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून, कृतीतून आणि शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकण्याचा मानला आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं याच वयासाठी खेळणी, कोडी, बाहुल्या यांचा 'जादुई पिटारा' काढला. शंभर वर्षांपूर्वी गिजुभाई-ताराबाई जे सांगत होते, ते आता सरकारी कागदावर आलं आहे. घरात यायला मात्र आपली परवानगी लागते.

एक मात्र नक्की. मूल घरीही बोलत नसेल, हाकेला वळून बघत नसेल, तर "बोलेल आपोआप" म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या, डॉक्टरांना दाखवा. आमच्या लेकीचे कान आम्ही तपासून घेतले. ते व्यवस्थित होते. कमी ऐकत होते ते आम्ही.

आत्तींची माफी

पापडीच्या त्या दुपारी रात्रीची भांडी झाल्यावर मी आत्तींजवळ बसले. म्हटलं, "आत्ती, चुकलं माझं. तुम्ही बोला तिच्याशी." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी बोलत नव्हते, तरी ती माझ्याजवळ येऊन बसायची. मला वाटलं, आता हिला माझी भाषा विसरायला होणार, पण माझा हात नाही विसरणार." ते ऐकून मला मान वर करवेना.

पुढे शाळेचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मी मॅडमना पुन्हा भेटले. भांडले नाही. एवढंच म्हटलं, "तिला बोलायला लावू नका, काही काम सांगा." मॅडमही काही वाईट नव्हत्या, एका वर्गात पस्तीस पोरं! त्यांनी तिला डब्याच्या सुट्टीत सगळ्यांपुढे रुमाल ठेवायचं काम दिलं. दोन आठवड्यांनी एका मुलाला रुमाल मिळाला नाही, तेव्हा ती पहिल्यांदा वर्गात बोलली, "एक कम छे." गुजराती आणि हिंदी दोन्ही एकाच वाक्यात! मॅडमनी मला फोन करून सांगितलं.

आजही ती वर्गात मितभाषी आहे. वहीतल्या रेषा वाकड्याच येतात. मला आता त्याची घाई नाही. घरी मात्र तिची टकळी सुरू झाली की आम्हा मोठ्यांना बोलायला जागा मिळत नाही.

या हिवाळ्यात तुमच्याही घरी पावट्याच्या, मटारच्या शेंगा येतील. तुम्ही सोलायला बसाल तेव्हा मुलाला टीव्हीपुढे पाठवू नका. शेजारी एक वाटी जास्त ठेवा. त्याला हाक मारू नका, शिकवू नका. ते येईल. आणि आलं की आजीला बोलू द्या, ज्या भाषेत तिला बोलावंसं वाटेल त्या भाषेत.